खुबा मोडल्यानंतरचे दोन दिवस



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात दवाखाना थाटला तेव्हा तालुक्यात एक्स-रेचं यंत्र नव्हतं. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी गेल्यावर ते आधी पांघरूण दूर करून दोन्ही पावलं पाहत. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि त्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं दिसलं, की खुबा मोडला हे निदान पक्कं. यात आजही काही बदललेलं नाही; शिकाऊ डॉक्टरांना मी हेच दाखवते. बदललं आहे ते त्यापुढचं. त्यांच्या हाती त्या काळी पायाला वजन लावणं, पावलाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवणं आणि घरच्यांना पडवीत बोलावून सेवेची तयारी करायला सांगणं एवढंच होतं. आज आपल्या हाती बरंच जास्त आहे, आणि तरीही कोकणातल्या कितीतरी घरांत त्याच वाळूच्या पिशव्या मला दिसतात. माझं आजचं बोलणं त्याविषयी आहे.

मी हाडांची डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञ आहे. खुब्याच्या ऑपरेशनवर भूल देणाऱ्या बाईनं व्याख्यान द्यावं याचं काहींना नवल वाटेल. पण ग्रामीण भागात हे ऑपरेशन अडतं ते पुष्कळदा माझ्यापाशी येऊन. ‘भूल सोसवेल का?’ हे घरचे विचारतात, सर्जन विचारतात, फिजिशियन विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत ते म्हातारं माणूस पाठीवर पडून राहतं. म्हणून उत्तर देण्याची जबाबदारीही माझीच. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर त्याचं ऑपरेशन दोन दिवसांच्या आत व्हायला हवं आणि लगेच त्याला उठवून बसवायला हवं. हे तालुक्याच्या गावी नीट करता येतं. आपल्याकडे यात जो उशीर होतो, त्याचं खापर वयावर फोडलं जातं. खरी कारणं दुसरीच असतात, आणि त्यांतली बरीचशी आम्हा डॉक्टरांच्या हातातली आहेत.

आधी हाडाविषयी. कमरेच्या हाडात वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा. गोळ्याखाली हाडाची मान, आणि मानेखाली दोन उंचवटे, जिथे मोठे स्नायू येऊन चिकटतात. म्हातारपणी हाड मोडतं ते एकतर मानेत, नाहीतर या उंचवट्यांच्या पट्ट्यात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण आतला प्रकार अगदी वेगळा. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या कडेनं वर चढतात. मान मोडून तुकडे सरकले की त्या तुटतात, गोळ्याचं रक्त बंद पडतं आणि हाड सहसा जुळत नाही. उंचवट्यांच्या पट्ट्यात रक्त भरपूर असतं. तिथलं हाड जुळतं, पण वजन लावून जुळायला दोन-तीन महिने लागतात आणि बहुधा पाय आखूड, वाकडा जुळतो. ऐंशीच्या घरातल्या शरीरात तेवढे महिने अंथरुणात काढण्याची ताकद क्वचितच असते. शिवाय या प्रकारात मांडीच्या आतल्या आत लिटरभर रक्त साचू शकतं. बाहेर थेंबही दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी बरं वाटलेलं हिमोग्लोबिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली येतं.

लंडनच्या ॲस्टली कूपर या सर्जननं १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोन मोडींतला फरक मांडला, आणि मानेतली मोड हाडानं जुळत नाही हे स्पष्ट सांगितलं. पण मला त्याची आठवण वेगळ्या कारणासाठी होते. स्वतःवर हा प्रसंग आला तर आपण काय करू, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे: दहा-चौदा दिवस उशांवर पाय ठेवून पडून राहायचं, दुखणं ओसरलं की रोज उठून उंच खुर्चीत बसायचं आणि मग कुबड्यांवर चालायला लागायचं. तेव्हा भूल नव्हती, क्ष-किरण नव्हते, जंतूंचा पत्ता नव्हता. हाड जुळणार नाही हे मान्य करून त्यानं माणसाला अंथरुणातून उठवायचं ठरवलं. दोनशे वर्षांपूर्वी त्याला जे कळलं होतं, ते ‘तीन महिने हलू नका’ असं सांगून घरी पाठवणाऱ्या आजच्या डॉक्टरला कळलेलं नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगते. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ साली तीन पात्यांचा खिळा वापरून मोडलेली मान आतून धरून ठेवली. अमेरिकेतल्याच ऑस्टिन मूर यांनी हॅरोल्ड बोलमन यांच्याबरोबर १९४० साली मांडीच्या हाडाचं वरचं टोकच धातूचं बसवलं. मूर यांच्या पुढच्या रचनेचा गोळा आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात अजून ‘ए.एम.पी.’ या नावानं ओळखला जातो. आता त्याच्या जागी बायपोलर गोळा जास्त वापरतात. लोक त्याला ‘बॉल बदलला’ म्हणतात. खालच्या पट्ट्यातल्या मोडीसाठी सरकत्या स्क्रूची प्लेट किंवा हाडाच्या पोकळीत बसणारा रॉड आहे. या सगळ्या साधनांचा हेतू एकच, की हाड जुळण्याची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी माणसानं पायावर वजन टाकावं.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. कर्ते पुरुष मुंबईला, घर सांभाळायला बायका, ही आपली जुनी रीत या आकड्यांत उतरली आहे. आता सुनाही मुंबईला असतात आणि घरात सत्तरी-ऐंशीची बाई एकटी असते. मासिक पाळी गेल्यानंतर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात. त्यात आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं जेवलेली ही पिढी. अंगावर मांस कमी, ताटात प्रथिनं कमी. ऊन भरपूर असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात सर्रास आढळते. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली झालेल्या मोजणीत पन्नाशीपुढच्या दर एक लाख बायकांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ खुबे मोडलेले आढळले. आपल्याकडे माणसं जास्त जगू लागली आहेत, त्यामुळे हे रुग्ण वाढतच जाणार.

पडतात कुठे? लोकांना वाटतं झाडावरून, विहिरीवर, रस्त्यात. प्रत्यक्षात बहुतेक जण घरात किंवा घराभोवती पडतात, आणि तेही उभ्याच्या उभ्या. रात्री लघवीला उठताना, मागीलदारच्या जांभ्या दगडाच्या शेवाळलेल्या पायरीवर, न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर, उंबरठ्याला पाय अडखळून. वीज गेलेली असते, मोतीबिंदू पिकलेला असतो, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी पोटात असते. निरोगी हाड असल्या पडण्यानं मोडत नाही. म्हणून ‘पाय घसरला’ हे अर्धंच कारण आहे, हाड आधीच पोखरलेलं होतं हे उरलेलं अर्धं. याच बाईचं चार-पाच वर्षांपूर्वी मनगट मोडलेलं असतं, तिच्या पाठीला बाक आलेला असतो, उंची कमी झालेली असते. ती सूचना होती. आम्ही मनगटाला प्लास्टर घालतो, हाड जुळलं की सोडून देतो, आणि पुढचं काहीच करत नाही.

ती पडली. शेजारच्या घरी आवाज गेला. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर डोलीतून किंवा खुर्चीत बसवून पाणंदीपर्यंत आणलं जातं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिचा या भागाला मोठा आधार आहे. ती बाई तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचते. आणि इथून पुढचा जो वेळ जातो, त्याबद्दल मला आज मनापासून बोलायचं आहे.

पहिली गोष्ट वेदना. मोडलेला खुबा हलला की होणारी वेदना फार तीव्र असते. बेडपॅन देताना, कूस बदलताना, एक्स-रेच्या टेबलावर घेताना ती बाई किंचाळते, आणि मग एक निर्णय घेते जो कोणाच्या लक्षात येत नाही: ती पाणी प्यायचं सोडते. पाणी प्यायलं की लघवी होणार, लघवी झाली की हलवणार. मी अशा कितीतरी आज्या पाहिल्या आहेत. त्यांच्या उशाशी पेला भरलेला असतो आणि सून सांगते, ‘काही घेतच नाहीत.’ दोन दिवसांत मूत्रपिंडं आळसावतात, रक्तातलं क्षारांचं प्रमाण बिघडतं, जीभ कोरडी पडते, आणि मग ती असंबद्ध बोलू लागते. नवऱ्याला, जो कधीच गेलेला आहे, हाक मारते. घरचे म्हणतात, ‘आता बिघडलं, नेऊया घरी.’ बिघडलेलं बहुतेक सगळं दुरुस्त होण्याजोगं असतं.

यावर एक उपाय आहे आणि तो इतका साधा आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हायलाच हवा. जांघेच्या घडीच्या बाहेरच्या भागात, मोठ्या रक्तवाहिनीपासून दूर, एक बोथट सुई घालायची. ती दोन पडदे ओलांडते तेव्हा हाताला दोन हलके झटके जाणवतात. तिथे बधिर करणारं पातळ औषध तीस-चाळीस मिलिलिटर सोडायचं. अर्ध्या तासात मांडीच्या पुढच्या बाजूच्या आणि खुब्याच्या बऱ्याचशा संवेदना मंदावतात आणि पुढचे आठ-दहा तास ती बाई हलू शकते, पाणी पिऊ शकते, झोपू शकते. सोनोग्राफीचं यंत्र असेल तर सुई दिसते, काम अचूक होतं. नसेल तरी हातानं करता येतं. वजनाप्रमाणे औषधाची कमाल मात्रा ठरवणं, औषध सोडण्याआधी आणि सोडताना मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहणं, नंतर नाडीवर लक्ष ठेवणं, एवढी शिस्त पाळावी लागते. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित परिचारिका हे करतात. आपल्याकडे रात्रपाळीच्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला हे शिकवायला फार दिवस लागत नाहीत. मी शिकवलेले तरुण डॉक्टर ते उत्तम करतात. विटा लटकवून पाय ताणून ठेवण्यानं मात्र ऑपरेशनआधीच्या या दिवसांत वेदना कमी होते असं दिसलेलं नाही. कातडी सोलवटते तेवढी.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘फिटनेस’. आपल्या भागातला सगळ्यात मोठा उशीर या एका कागदाचा असतो. वय ब्याऐंशी, रक्तदाब एकशे सत्तर, साखर दोनशे वीस, हिमोग्लोबिन नऊ, ईसीजीत काहीतरी जुनं. फिजिशियन लिहितात, इको करून आणा. इको करणारे डॉक्टर गावात आठवड्यातून एकदा येतात. इको होतो, तोवर पोटॅशियम घसरलेलं असतं. ते सुधारतं, तोवर खोकला सुरू होतो. मग ‘छाती साफ झाल्यावर पाहू.’ दरम्यान तिला दोनदा उपाशी ठेवून दोनदा ऑपरेशन पुढे ढकललेलं असतं, आणि माकडहाडावर पहिला लाल डाग उमटलेला असतो. यातलं प्रत्येक पाऊल एकेकटं पाहिलं तर काळजीपोटी उचललेलं आहे. फिजिशियनला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ‘ऑपरेशनमध्ये काही झालं तर तुम्ही जबाबदार’ हे वाक्य ऐकलेल्या डॉक्टरचं मन मला कळतं. पण वाट पाहण्यात धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. पडून राहिल्यानं फुप्फुसात कफ साचतो, पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, स्नायू रोज झडतात. वाट पाहणं हासुद्धा एक उपचार आहे, आणि तो आजीला सोसवेल का, हे कोणी विचारत नाही.

मी स्वतःला तीनच प्रश्न विचारते. हा दोष आजच दुरुस्त होण्यासारखा आहे का? तो दुरुस्त केल्यानं भुलेचा धोका खरोखर कमी होईल का? आणि त्यासाठी लागणारा वेळ परवडणारा आहे का? पोटॅशियम फार कमी असेल, हृदयाचे ठोके अनियंत्रित धावत असतील, फुप्फुसात पाणी भरलं असेल, तर काही तास घ्यावेत आणि जोमानं दुरुस्ती करावी. रक्तदाब थोडा जास्त आहे, हाडाच्या वेदनेनं तो वाढणारच, यासाठी दिवस घालवू नये. इकोनं ऑपरेशनचा निर्णय क्वचितच बदलतो. हृदयाची झडप फार अरुंद झाल्याची शंका आली, छातीवर तसा आवाज ऐकू आला, तर मी भूल वेगळ्या रीतीनं देते. तेवढी खबरदारी इकोवाचूनही घेता येते. ॲस्पिरिन चालू असेल म्हणून ऑपरेशन थांबवायचं कारण नाही. रक्त पातळ करणारी काही औषधं अशी आहेत की पाठीच्या कण्यात सुई घालता येत नाही. तिथे पूर्ण भूल द्यावी, आठवडा थांबू नये.

रक्ताचंही तसंच. ‘दहा हिमोग्लोबिन झाल्याशिवाय घेणार नाही’ असं सांगितल्यावर नातेवाईक रक्तासाठी जिल्ह्याच्या गावी धावतात. अमेरिका-कॅनडात दोन हजारांहून अधिक खुबा मोडलेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवलेले आणि आठच्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाल्यावरच रक्त दिलेले, अशा दोन गटांत मृत्यूत किंवा चालण्यात फरक दिसला नाही. रक्तपेढी लांब असलेल्या आपल्यासारख्या भागाला याचा किती उपयोग आहे! एखादी पिशवी राखून ठेवावी आणि कामाला लागावं.

भूल कोणती द्यावी याचाही बाऊ होतो. कण्यातून द्यायची की पूर्ण, यावर २०२१ साली सोळाशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ दिवसांनंतर किती जण दगावले आणि किती जण चालू शकत नव्हते हे पाहिलं, तर दोन्ही गट सारखे निघाले. मी स्वतः शक्य तिथे कण्यातून, कमी मात्रेत देते. आधी जांघेत सुई देऊन वेदना घालवते, मग कुशीवर वळवते. रक्तदाब पडू नये म्हणून हाताशी औषध तयार ठेवते. गोळा बसवताना सिमेंट वापरत असतील तर सर्जनना सांगून ठेवते की सिमेंट घालण्याआधी मला आवाज द्या. त्या दोन-तीन मिनिटांत ऑक्सिजन आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. या गोष्टी कौशल्याच्या आहेत, सवयीच्या आहेत. त्यांना महानगर लागत नाही.

किती लवकर, याविषयी सर्वांत मोठी चाचणी २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, भारतातलीही, आणि २९७० रुग्ण. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर सरासरी सहा तासांत, दुसऱ्याचं चोवीस तासांत. मृत्यूंत फरक पडला नाही; लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम कमी झाला, लघवीचा जंतुसंसर्ग कमी झाला, ती माणसं लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. हा निष्कर्ष मी प्रामाणिकपणे सांगते, कारण सहा तासांचा हट्ट आपण धरायला नको हे त्यातून कळतं. पण जगात वाद सहा तास की चोवीस तास असा चालू असताना आपल्याकडे पाचवा, सातवा दिवस उजाडतो. जिथे अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे वेळ जातो तिथे मृत्यू वाढलेले दिसतात, असं कितीतरी देशांच्या नोंदी सांगतात.

तिसरा उशीर पाठवापाठवीचा. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून कोल्हापूरला. दक्षिण सिंधुदुर्गातले लोक थेट गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात. घाटातून चार-पाच तास मोडलेला खुबा घेऊन जाणं काय असतं, हे रुग्णवाहिकेत सोबत बसलेल्यांना विचारा. खरोखर गुंतागुंतीचे रुग्ण पाठवावेच लागतात. पण मानेतल्या मोडीसाठी अर्धा सांधा बदलायचा तर चांगलं निर्जंतुक थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि वेगवेगळ्या मापांचे गोळे एवढं पुरतं. क्ष-किरणांचं चालतं चित्र दाखवणारा सी-आर्मसुद्धा लागत नाही. रॉड किंवा प्लेटसाठी मात्र सी-आर्म आणि पाय ताणून धरणारं टेबल हवं. हे काम करू शकणारे सर्जन आज तालुक्याच्या गावांत आहेत. मुंबईच्या पगारावर पाणी सोडून आलेले, रात्री-अपरात्री उठणारे हे लोक आहेत, आणि त्यांच्या कामाला माझा मनापासून नमस्कार आहे. अडतं ते भूलतज्ज्ञापाशी. चार-पाच रुग्णालयांना मिळून एक भूलतज्ज्ञ असतो आणि सिझेरियन आलं की खुब्याची आजी उद्यावर जाते. ते योग्यच आहे, तिथे दोन जीव असतात. पण ‘उद्या’ ठरलेला असावा. आठवड्यातले दोन दिवस सकाळची पहिली जागा खुब्यासाठी राखून ठेवली की निम्मा गोंधळ संपतो, असा माझा अनुभव आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचं गाव आहे, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचं. तिथले हाडांचे सर्जन मायकेल डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर रॉबर्ट अर्विन यांनी गेल्या शतकाच्या मध्याला एकत्र राउंड घ्यायला सुरुवात केली. हाड एकाचं आणि बाकीचा माणूस दुसऱ्याचा, ही वाटणी त्यांनी मोडली. पुढे २००७ साली ब्रिटननं खुबा मोडलेल्या प्रत्येकाची राष्ट्रीय नोंद सुरू केली, आणि २०१० पासून छत्तीस तासांच्या आत ऑपरेशन, वृद्धांच्या डॉक्टरची तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे दिले. इंग्लंडमध्ये तीस दिवसांतले मृत्यू २००७ साली शेकडा १०.९ होते, ते २०११ साली ८.५ वर आले. कुठलाही नवा धातू नाही, नवं औषध नाही. नोंद ठेवली, वेळ मोजली, दोन डॉक्टर एका खाटेशी उभे राहिले. आपल्या तालुक्यात वृद्धांचा खास डॉक्टर नसेल, पण फिजिशियन आणि सर्जन एकाच वेळी खाटेशी येऊ शकतात. भिंतीवर एक तक्ता लागू शकतो: कधी पडली, कधी आली, कधी ऑपरेशन झालं, कधी बसली.

पैशाचं बोलायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण देण्यात आलं. कार्ड मात्र आधी काढलेलं हवं. पडल्यावर आधार आणि शिधापत्रिका शोधायला मुंबईला फोन, तिथून घराच्या किल्ल्या कोणाकडे याची चौकशी, यात दिवस जातो. ज्यांच्या घरी सत्तरीचं माणूस आहे त्यांनी हे काम या आठवड्यात करावं.

आणि मुंबईहूनच निर्णयही यायचा असतो. ‘मुलगा कोकणकन्येनं निघालाय, सकाळी उतरेल, मग सही करेल.’ मुलाची वाट पाहणं स्वाभाविक आहे. पण माझी मुलांना विनंती आहे की रात्रीच फोनवर डॉक्टरांशी बोला, समजून घ्या, होकार द्या आणि मग गाडीत बसा. आणि आईलाही विचारा. ती शुद्धीवर असते, सगळं ऐकत असते, आणि तिच्या डोक्यावरून आम्ही सगळे एकमेकांशी बोलत असतो. ‘आता किती दिवस राहिलेत तिचे, कशाला कापाकापी’ हे वाक्य तिच्या खाटेपाशी उच्चारलं जातं. पडण्याच्या आदल्या दिवशी ती विहिरीवरून कळशी आणत होती.

काही वेळा ऑपरेशन न करणं हेच योग्य असतं. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेला, दुसऱ्या असाध्य आजारानं शेवटाला आलेला माणूस. नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहातल्या अशा फार क्षीण रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांशी नीट बोलून ज्यांचं ऑपरेशन न करण्याचं ठरलं, त्यांतले बहुतेक महिन्याभरात गेले, पण वेदना आवरलेली होती आणि घरच्यांना आपल्या निर्णयाचं समाधान होतं. मात्र यात वेदनाशमन हा उपचारच असतो: जांघेतली सुई, मॉर्फिन, तोंडाची निगा, हवेची गादी, कोणीतरी जवळ. आपल्याकडे ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही, अशी स्थिती होते. ते मला मान्य नाही. आणि जे चालत नव्हते त्यांचंही ऑपरेशन पुष्कळदा करावं, कारण नीट बांधलेल्या हाडाच्या माणसाला न किंचाळता कुशीवर वळवता येतं, धुता-पुसता येतं.

ऑपरेशन झालं. त्याच संध्याकाळी उशी देऊन बसवायचं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचं. घरचे घाबरतात, ‘टाके उसवतील.’ उसवत नाहीत. चष्मा घाला, कवळी लावा, कानाचं यंत्र असेल तर द्या, खिडकीजवळ खाट घ्या. भ्रम टाळायला याचा औषधांहून जास्त उपयोग होतो. पेज चांगलीच, पण पेजेवर स्नायू भरत नाहीत. अंडं, मासे, डाळ, कुळीथ, दूध, जे चालत असेल ते दिवसातून थोडं थोडं तीन-चारदा द्या.

आणि दुसरा खुबा. एक मोडला की दुसरा मोडण्याचा धोका बराच वाढतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडची एक सलाइन, पुढे वर्षातून एकदा, अशी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात नवी हाडं मोडणं सुमारे एक तृतीयांशानं आणि मृत्यूही अठ्ठावीस टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाची तपासणी करून, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढून हे औषध ग्रामीण रुग्णालयात सहज देता येतं. ते परवडणारंही आहे. तरी घरी जाताना मिळणाऱ्या चिठ्ठीवर टाके काढायची तारीख असते, हे औषध नसतं.

वाचनालयाच्या कार्यकारिणीशी मी याविषयी बोलले आहे. इथल्या तळघरात रुग्णोपयोगी साहित्याची एक खोली सुरू करायची: उंची कमी-जास्त होणारे वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, न्हाणीघरात लावायचे दांडे. अनामत घेऊन द्यायचं, परत आणलं की पैसे परत. आशाताईंकडे त्यांच्या गावातल्या खुबा किंवा मनगट मोडलेल्यांची यादी करायची विनंती मी केली आहे. त्यातल्या प्रत्येकीला वर्षातून एकदा सलाइनसाठी ग्रामीण रुग्णालयात आणण्याची व्यवस्था रिक्षा संघटनेशी बोलून करता येईल. दांडे बसवायला या सभागृहातल्या सुतार-गवंडी मंडळींची मदत लागेल. व्याख्यानानंतर दाराशी वही ठेवली आहे, त्यात नाव आणि वाडी लिहून जावं.